बोअर तुमचा, पण पाणी कुणाचं? मुंबईच्या जमिनीखालचा हिशेब

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या खासगी टँकरवाल्यांनी संप केला आणि ऐन उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांच्या टाक्या कोरड्या पडल्या. केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे नियम हे संपाचं कारण होतं. विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी उपसून विकायचं असेल तर ना-हरकत दाखला घ्या, मीटर बसवा, जागेची अट पाळा, असं ते नियम सांगतात. पालिकेने विहीर-बोअरवाल्यांना नोटिसा धाडल्या, टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या आणि शेवटी आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून विहिरी, बोअर आणि टँकर ताब्यात घेण्याची भाषा पालिकेला करावी लागली. मग संप मिटला.

त्या चार दिवसांत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न सगळीकडे फिरत होता: आपल्याच जागेतल्या विहिरीचं पाणी काढायला दिल्लीच्या परवानगीची गरज काय? प्रश्न रास्त आहे. उत्तराला मात्र आधी जमिनीखाली उतरावं लागतं.

कातळात पाणी असतं तरी कुठे?

मुंबईचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेल्या खडकावर उभा आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल हा त्याच काळचा नमुना. वर माती किंवा भराव, त्याखाली मुरूम, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक, आणि त्याखाली काळा कातळ. जमिनीखाली नदी किंवा तळं असतं ही समजूत इथे उपयोगाची नाही. पाणी असतं ते मुरमाच्या कणांमधल्या जागेत आणि कातळाच्या फटींत. पाणी साठवणाऱ्या आणि पुढे वाहू देणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात.

वाळूच्या थराच्या तुलनेत हा जलधर फारच कंजूष. एक घनमीटर ओला मुरूम किंवा फुटका कातळ घेतला, तर त्यातून निथळून हाती येणारं पाणी साधारण एक ते तीन टक्के, म्हणजे दहा ते तीस लिटर. म्हणूनच एका प्लॉटवर बोअरला पाणी लागतं आणि वीस फुटांवर नुसती धूळ उडते. हातावर नारळ उभा करून फिरणारा पाणाड्या मुंबईतही मिळतो. मुरमाचा थर बराच जाड असेल तर तो कुठेही थांबला तरी थोडंफार पाणी लागतंच, त्यामुळे त्याचं नाव होतं.

फटी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांना कंपाउंडची भिंत कळत नाही. सोसायटीच्या चार विंगची अंडरग्राउंड टाकी एकच असावी आणि प्रत्येक विंगने तिच्यात आपापला पंप सोडावा, तशी ही व्यवस्था. ज्याचा पंप मोठा आणि फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचं तोंड, खाली, त्याला पाणी शेवटपर्यंत मिळतं. टाकीत किती उरलंय हे मात्र चौघांपैकी कुणालाच दिसत नाही.

एवढा पाऊस पडतो, मग पाणी कमी कसं पडेल?

इथे थोडं गणित करू, कारण बहुतेक वाद या एका हिशेबाशी येऊन थांबतात.

दोन हजार चौरस मीटरचा प्लॉट आहे असं धरा. पावसाळा संपताना जमिनीखाली आठ मीटर जाडीचा थर पाण्याने भरलेला आहे आणि त्यातून निथळणारं पाणी दोन टक्के आहे. २००० गुणिले ८ गुणिले ०.०२ केलं की ३२० घनमीटर येतात, म्हणजे ३ लाख २० हजार लिटर. दहा हजार लिटरचे बत्तीस टँकर. त्या प्लॉटच्या खालचा सगळा साठा एवढाच.

आता सोसायटीचा बोअर दिवसाला वीस हजार लिटर काढतो असं समजा. शंभर फ्लॅटच्या इमारतीला फ्लशिंग, बाग आणि गाड्या धुण्यासाठी हे फार नाही. सोळा दिवसांत साठा संपायला हवा. पण बोअर ऑक्टोबर ते मे असे आठ महिने चालतो आणि ४८ लाख लिटर काढतो, प्लॉटखालच्या साठ्याच्या पंधरापट.

वर्षाला २,२०० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या प्लॉटवर ४४ लाख लिटर पडतं. त्यातला थेंबन् थेंब मुरला तरी हिशेब जुळत नाही. आणि अशा खडकात शंभरातले दहा लिटर मुरले तरी खूप झालं. फरसबंदी, पोडियम आणि पेव्हर ब्लॉकच्या आवारात त्याहून कमी. चार महिन्यांत कोसळणारा हा पाऊस नाल्यांतून खाडीत जातो.

मग बाकीचं पाणी येतं कुठून? थोडं शेजारच्या प्लॉटखालून. उरलेलं येतं जुन्या, गळक्या पाइपांतून. पालिका सात तलावांतून दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी आणते. त्यातला गळती-चोरीचा वाटा मोठा आहे आणि गळलेल्यातलं काही जमिनीत जिरतं. सोबत गटाराच्या वाहिन्याही पाझरतात. तेव्हा ‘आमच्या बोअरचं नैसर्गिक पाणी’ म्हणून जे अभिमानाने दाखवलं जातं, त्यात भातसा धरणातून आलेलं पालिकेचं पाणी आणि मैलापाणी दोन्ही असू शकतं. नायट्रेट किंवा कोलिफॉर्म जिवाणू तपासणीत सापडले की त्यामागे बहुधा हेच असतं. फ्लशला हे पाणी चालतं. स्वयंपाकाला तपासणीशिवाय मुळीच नाही.

जागा आमची, खर्च आमचा. मग परवानगी का?

या म्हणण्याला कायद्याचा जुना आधार आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या सातव्या कलमातलं एक उदाहरण सांगतं की, ठरावीक प्रवाहात न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. भूजल कसं वाहतं हे तेव्हा न्यायालयांना फारसं ठाऊक नव्हतं, आणि मोट किंवा रहाटाने माणूस काढून काढून काढणार तरी किती! सबमर्सिबल पंप आला आणि तो हिशेब पार उलटला. या नियमातला अन्याय सरळ आहे: ज्याची जमीन नाही त्याचा पाण्यावर हक्क नाही, आणि ज्याची जमीन आहे त्याच्या उपशाला मर्यादा नाही. भाडेकरू, चाळकरी, झोपडपट्टीवाले या हिशेबात येतच नाहीत.

नंतर दुसरी भूमिका पुढे आली. नदी, समुद्रकिनारा, जंगल यांसारखी साधनं सरकार लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं, ती खासगी नफ्यासाठी देऊन टाकता येत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात मान्य केलं. भूजलाच्या बेसुमार उपशाबद्दल त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर जानेवारी १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झालं. केरळातल्या प्लाचिमडा गावात शीतपेयाच्या कारखान्याविरुद्धच्या खटल्यात दोन्ही भूमिका समोरासमोर आल्या. २००३ मध्ये एका न्यायमूर्तींनी भूजल ही सार्वजनिक ठेव असल्याचं म्हटलं, तर २००५ मध्ये खंडपीठाने मालकाच्या हक्काकडे झुकणारा निकाल दिला.

मुंबईतही हा पेच पोलीस ठाण्यापर्यंत गेला आहे. काळबादेवीच्या एका इमारतीतल्या विहिरींतून ११ वर्षांत सुमारे ७३ कोटी रुपयांचं पाणी चोरून टँकरवाल्यांना विकल्याचा आरोप करत २०१९ मध्ये गुन्हा दाखल झाला. आरोप खरा की खोटा हे न्यायालयाचं काम. पण आपल्या आवारातल्या विहिरीचं पाणी काढणं ही ‘चोरी’ होऊ शकते, हा विचार कागदावर आला, हेच मोठं वळण होतं.

सध्याची स्थिती थोडक्यात अशी. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वतःच्या घरापुरतं पाणी काढणाऱ्या एकट्या कुटुंबाला दाखला लागत नाही, शेतीला लागत नाही, दिवसाला दहा घनमीटरपेक्षा कमी उपसणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाही लागत नाही. गृहनिर्माण सोसायट्या, मोठे उद्योग आणि पाणी विकणारे यांना लागतो. देशातल्या एकूण उपशापैकी साधारण ८७ टक्के शेतीसाठी होतो आणि नेमकी तीच सुटते, हे राजकारण आहे, भूशास्त्र नाही. मुंबईत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला शिवाय १८८८ च्या पालिका कायद्याखाली आयुक्तांची परवानगी लागते. राज्याचा २००९ चा भूजल कायदाही आहे. तो ६० मीटरपेक्षा खोल गेलेल्या विहिरीला ‘खोल विहीर’ मानून तिच्यावर निर्बंध घालतो. पण त्याचा धाक शहरात कुणाला वाटत असेल असं दिसत नाही.

आमच्या बोअरमुळे शेजाऱ्याचं पाणी गेलं, हे सिद्ध करा बघू!

खरी अडचण इथेच आहे. शेजाऱ्याने नळाला मोटर लावली तर आवाज येतो. जमिनीखालचा उपसा दिसत नाही, त्याचा परिणाम महिन्यांनी कळतो आणि तोवर आणखी दहा बोअर झालेले असतात. ज्याचं नुकसान झालं त्यानेच पुरावा आणायचा, असं ठरवलं की मोठा पंप असलेला आपोआप जिंकतो. पुराव्याची जबाबदारी उपसणाऱ्यावर असावी, हे माझं मत. कारण मोजमाप करणं त्यालाच सर्वांत सोपं आहे.

मोजायचं कसं? बोअर घेताना बोअरवाला ‘दोन इंची पाणी लागलं’ म्हणतो. पाण्याच्या वाटेत नव्वद अंशांची खाच पाडलेली पट्टी लावून तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची तो सांगत असतो. दोन इंची म्हणजे ताशी साधारण २,९०० लिटर. चार इंची म्हणजे त्याच्या दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून जास्त, सोळा हजारांच्या पुढे. सोसायट्यांची फसगत होते ती या आकड्यात. दुसरी फसगत म्हणजे हे मोजमाप रिग, म्हणजे बोअर खणणारं यंत्र, उभं असताना, कॉम्प्रेसरच्या दाबाने पाणी वर फेकत घेतलेलं असतं. फटींत साचलेलं पाणी तेवढ्यापुरतं जोरात येतं. ऑगस्टमध्ये घेतलेल्या बोअरच्या या आकड्यावर विश्वास ठेवून पंप निवडला, तर मार्चमध्ये पंप कोरडा फिरून जळतो.

चाचणी मेमध्ये, निदान एप्रिलमध्ये घ्यावी. आदल्या रात्री पंप बंद ठेवायचा, सकाळी पट्टीने पाण्याची पातळी मोजायची. मग सहा ते आठ तास सलग पंप चालवायचा. दर अर्ध्या तासाला दोन नोंदी: पातळी किती खाली गेली आणि दोनशे लिटरचं पिंप किती सेकंदांत भरलं. पंप बंद केल्यावर पाणी परत चढायला किती वेळ लागतो तेही लिहायचं. जेवढा वेळ उपसा केला तेवढ्या वेळात पातळी जवळपास पूर्ववत झाली नाही, तर उपसा जास्त आहे. याच दिवशी शेजारच्या सोसायटीच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये कुणी पातळी मोजली, तर ‘सिद्ध करा’ला उत्तर त्या संध्याकाळीच मिळतं. शेजारी सहसा तयार होतात, आपले सेक्रेटरी होत नाहीत.

उघड्या विहिरीचं मोल इथे कळतं: डोकावलं की पातळी दिसते. मुंबईने त्या मोठ्या प्रमाणात घालवल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाचे डास विहिरींत वाढतात हे लक्षात आल्यावर, विशेषतः डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालानंतर, विहिरी झाकण्याची आणि बुजवण्याची मोहीम जोरात चालली. विहिरीला पवित्र मानणाऱ्यांनी, त्यात पारशी समाजाने, विरोध केला. चर्चगेटजवळची १७२५ ची भिका बेहराम विहीर आजही आहे आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असून तिचं पाणी गोडं आहे. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक यांची फक्त नावं उरली. आरोग्यासाठी घेतलेला तो निर्णय चुकीचा होता असं म्हणवत नाही, हिवतापाने माणसं मरत होती. पण जाळी लावून राखता आल्या असत्या अशा विहिरीही त्यात गेल्या.

गोडं पाणी खारं झालं तर पुन्हा गोडं होईल ना?

जुहू, वर्सोवा, वांद्र्याच्या किनाऱ्यालगत हा प्रश्न रोजचा. गोडं पाणी हलकं, समुद्राचं सुमारे अडीच टक्के जड. त्यामुळे जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगतो. ढोबळ नियम असा: समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं मिळतं. याचा अर्थ वरची पातळी एक मीटरने घसरली की खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकतं. फुटक्या कातळात हा नियम इतका नेटका चालत नाही. कधी एकाच फटीतून खारं पाणी सरळ आत येतं.

म्हणून किनाऱ्याजवळ ‘पाणी कमी झालं, अजून शंभर फूट खाली जाऊ’ हा सल्ला घातक. पंप चालू असताना टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, मीटरवरचा आकडा चढत गेला, तर पंप तिथेच थांबवायचा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. एकदा घुसलेलं मीठ धुऊन निघायला अनेक पावसाळे लागतात, आणि ते एका बोअरपुरतं राहत नाही. गच्चीवर स्विमिंग पूल असलेल्या टॉवरने खोल उपसा केला की मागच्या गावठाणातली विहीर खारी होते. टॉवर टँकर मागवू शकतो. गावठाणाने काय करायचं?

टँकर बंद केले तर लोकांनी प्यायचं काय?

टँकर बंद करा असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण टँकरचं पाणी कुणाला, किती किमतीला मिळतं ते बघा. पालिकेचं घरगुती पाणी हजार लिटरला सात रुपयांच्या आसपास पडतं. टँकरचं पाणी दीड-दोनशे रुपये हजारी धरलं तरी वीस-पंचवीस पट महाग. आणि नळ नसलेल्या वस्तीत तेच पाणी कॅनने घ्यावं लागतं, तेव्हा लिटरचा हिशेब टॉवरपेक्षाही महाग बसतो. पालिकेचा निकष इमारतींसाठी माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीसाठी ४५ लिटर असा राहिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि अनधिकृत झोपडीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही असं सांगितलं. जमिनीखालचं पाणी मात्र अजून ज्याचा प्लॉट त्याचंच समजलं जातं.

भातसाचं धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरच येतो. तिथेही तोच कातळ, तोच भरपूर पाऊस आणि तेच डिसेंबरनंतर आटणारे झरे. मुंबईने आपल्या जमिनीखालचं पाणी फ्लशला आणि बागेला जपून वापरलं, तर दूरच्या धरणांवरची मागणी थोडी तरी कमी होते. म्हणून बोअर वाईट असं मी म्हणत नाही. न मोजता चालणारा बोअर वाईट.

आम्ही रेन वॉटर हार्वेस्टिंग केलंय की!

२००२ पासून मुंबईत मोठ्या प्लॉटवरच्या नव्या इमारतींना हे सक्तीचं झालं आणि २००७ मध्ये प्लॉटची मर्यादा आणखी खाली आणली. ओसीसाठी, म्हणजे इमारत वापरायच्या दाखल्यासाठी, पाणी मुरवायचा खड्डा खणला जातो, फोटो निघतो, आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्यात कुंड्या ठेवलेल्या असतात. गाळाने वरची वाळू बसते आणि पाणी मुरणं थांबतं. मेमध्ये वरची वाळू खरवडून बदलणं, गच्ची धुणं आणि पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडणं, एवढं काम दरवर्षी लागतं. पार्किंगमधलं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नये, त्यात तेल असतं. छपराचं पाणीसुद्धा गाळल्याशिवाय नको.

त्याहून मोठी गोष्ट क्वचित सांगितली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या सखल भागांत भूजल जमिनीपासून एक-दोन मीटरवर आलेलं असतं. भरलेल्या थरात आणखी पाणी जाणार कुठे? अशा ठिकाणी शोषखड्ड्यापेक्षा पावसाचं पाणी टाकीत साठवून त्याच महिन्यांत फ्लशला वापरणं फायद्याचं. तेवढे महिने बोअर बंद राहतो. उंचावरच्या, खोल मुरमाच्या जागी पुनर्भरण नक्की करावं.

आणि ज्या शहरात तीन मजली बेसमेंटसाठी महिनोन्‌महिने दिवसरात्र पंप लावून भूजल गटारात सोडलं जातं, तिथे सोसायटीच्या एका खड्ड्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. त्या पाण्याचं मीटर कुठे आहे, हा प्रश्न बांधकाम चालू असतानाच वॉर्ड ऑफिसात विचारायचा. शेजारच्या विहिरीची आधीची पातळी लिहून ठेवली असेल, तरच त्याला वजन येतं.

एजीएममध्ये काय मागायचं

बोअरला पाण्याचं मीटर आणि रोजचं रीडिंग वॉचमनच्या वहीत. ऑक्टोबर आणि मे अशी वर्षातून दोनदा पातळी आणि टीडीएसची नोंद. टँकर मागवत असाल तर पुरवठादाराच्या दाखल्याची प्रत आणि पाणी कुठल्या विहिरीचं याची लेखी माहिती. बोअरच्या पाइपांना वेगळा रंग, म्हणजे प्लंबर ते पाणी चुकून स्वयंपाकघराच्या लाइनला जोडणार नाही. आणि या नोंदी नोटीस बोर्डावर, जिथे शेजारच्या सोसायटीचा माणूसही वाचू शकेल. शेवटच्या मागणीवर सभेत सर्वांत जास्त वाद होईल, त्यामुळे ती अजेंड्यावर पहिली घ्यावी.